जुन्या सिटीला कंपनीचा स्टिरिओ परत बसवायचाय, वायरी कळत नाहीयेत

कोथरूडकर: बाबांची 2006 ची होंडा सिटी आहे. मागे एका दुकानात टचस्क्रीन बसवताना मूळ कप्लरच (वायरी जोडायचा प्लग) कापून टाकला, आता कंपनीचा स्टिरिओ परत लावायचाय कारण त्या डॅशबोर्डला तोच शोभतो, पण मागे नुसत्या उघड्या वायरी लोंबतायत. कुठली कुठे जोडू?

वायरवाला: दादा, रंगावर जाऊ नका. पिवळीत कायम करंट, लालमध्ये चावी फिरवल्यावर, काळी अर्थिंगची हे बाहेरच्या स्टिरिओचं झालं, गाडीतल्या वायरींचे रंग वेगळे असतात. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब गाडीच्या लोखंडी बॉडीला, चावी काढूनही 12 च्या आसपास दाखवेल ती कायमची आणि चावी फिरवल्यावरच येईल ती दुसरी. या दोन उलट्या लागल्या की घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं दरवेळी पुसली जातात.

सिंहगडरोड: स्पीकरच्या वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, ज्या दारातून टक् आवाज येईल त्या स्पीकरची ती जोडी. स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) बाहेर आला तर सेलच्या प्लसला लावलेली वायर प्लस. स्पीकरची मायनस बॉडीला अजिबात जोडू नका, स्टिरिओतला अँप (अँप्लिफायर) जळतो.

कोथरूडकर: भारी! कप्लर कुठे मिळेल?

वायरवाला: पुण्यात नाना पेठेत वायरीसकट विचारा. जोडताना बॅटरीची मायनस काढा आणि नुसती टेप नको, सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, उन्हात टेपचा डिंक सुटतो.