भुवया कोरायला ७५० तासांचं शिक्षण? टेक्सासचा थ्रेडिंग खटला

मृण्मयी, डॅलस
थ्रेडिंगला लागतो साधा सुती दोरा. पीळ बोटांत, एक टोक बऱ्याचदा दातांत, मेण नाही की रसायन नाही. तरी टेक्सास सरकार त्यासाठी एस्थेटिशियनचं (त्वचेची निगा राखणाऱ्या व्यावसायिकाचं) लायसन मागत होतं: ७५० तासांचा कोर्स, खर्च साडेतीन ते नऊ हजार डॉलर. त्या कोर्समध्ये थ्रेडिंग शिकवलंच पाहिजे असं बंधनही नव्हतं!

२००९ मध्ये काही कारागीर आणि सलूनमालक कोर्टात गेले. ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ या ना-नफा संस्थेने फी न घेता त्यांचा खटला लढवला. खालच्या दोन्ही कोर्टांत हार, मग जून २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात ६-३ ने जीत. ७५० पैकी ३२० तासांपर्यंतचा भाग या कामाशी संबंधित नाही, हे सरकारलाही मान्य करावं लागलं. अशा संस्था हव्यातच, असं माझं ठाम मत आहे.

विनायक, ठाणे
साफ असहमत. किती तास शिकायचं हे आमदारांनी ठरवायचं, न्यायाधीशांनी नव्हे. १९०५ च्या लॉकनर खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बेकरी कामगारांची आठवड्याला ६० तासांची मर्यादा अशाच, मालक-कामगारांच्या करार करण्याच्या ‘स्वातंत्र्या’च्या नावाखाली उडवली होती. टेक्सासचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश हेक्ट यांनीही या निकालाला विरोधच नोंदवला. आणि ही संस्था उभी राहिली ती अब्जाधीश उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या पैशाच्या बळावर. आज दोरा, उद्या कामगार-सुरक्षेचे नियम.

अ‍ॅड. सुषमा
विनायकराव, लॉकनरची भीती रास्त आहे, पण निकालाची कसोटी बघा. नियमाचा हेतूच गैरलागू हवा, किंवा प्रत्यक्षातला भार इतका अवाजवी हवा की तो जुलूम ठरावा. सरसकट नियम उडवायची मुभा कोर्टाने दिलेली नाही.

राज्याच्या कोर्टात जाण्यामागे हिशेब आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९५५ च्या ली ऑप्टिकल (चष्मे बनवण्याच्या धंद्यावरच्या) निकालापासून फेडरल, म्हणजे केंद्राचं, कोर्ट धंद्यावरच्या नियमांना सहसा हात लावत नाही. टेक्सास राज्याची स्वतःची घटना मात्र त्याहून जास्त संरक्षण देऊ शकते, आणि निकाल निव्वळ तिच्यावर उभा असेल तर वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाला तो फिरवता येत नाही.

कीर्ती, पार्लरवाली
कोणी माझ्या पोटाचा विचार करेल का? एकच दोरा दोन गिऱ्हाइकांना वापरला, किंवा कातडी सोलवटली आणि हात धुतलेले नसले, की संसर्ग झालाच म्हणून समजा. स्वच्छतेचं शिक्षण हवंच. पण त्याला ७५० तास? मेकअप आणि फेशियल शिकून माझा दोरा स्वच्छ होत नाही.

विनायक, ठाणे
मग तास कमी करा म्हणून आमदारांकडे जा ना! तिथे हरकत कोणाची?

मृण्मयी, डॅलस
हरकत ज्यांना परवडते त्यांची. फी घेणारी ब्युटी स्कूल्स आणि आधीच लायसन काढून बसलेले लोक विधिमंडळात संघटित असतात. नव्याने आलेली, मतदानाचा हक्कही नसलेली बाई कोणत्या आमदाराला गाठणार? संस्थेला पैसा कोणाचा, हे जरूर विचारा. पण फुकट वकील नसता तर ती बाई पहिल्या कोर्टातच हरून, दंड भरून दोरा खाली ठेवून बसली असती. तिच्यासाठी तुमच्याकडे दुसरा कोणता मार्ग आहे, तेवढं सांगा.