नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस: शाळेच्या फलकासाठी मजकूर तपासून हवा आहे

प्रश्न (फलकवाला):
माणगाव तालुक्यातल्या एका शाळेत फलक लावायचा आहे, दहा-बारा ओळींचा. हाती आलेल्या मजकुरात ‘5 मराठा बटालियन’, ‘सगळे साथीदार शहीद’, ‘इटलीत समाधी’ असं लिहिलंय. एकाने तर ‘परमवीर’ही घातलंय. रंगाऱ्याला देण्याआधी यातलं काय बदलू?

कोकणगडी:
परमवीर आधी काढा. ते पदक 26 जानेवारी 1950 ला सुरू झालं आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या कामगिरीला लागू आहे. घाडगे दुसऱ्या महायुद्धात 10 जुलै 1944 ला धारातीर्थी पडले, वय 22 (जन्म 16 नोव्हेंबर 1921). त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) आहे.

पलटण ‘3/5’ लिहा, म्हणजे 5व्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची 3री बटालियन. नुसतं 5 लिहिलं की रेजिमेंटचा आकडा बटालियनचा होतो. ही बटालियन 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आजची 2 पॅरा ती हीच. जिल्हा लिहिणार असाल तर तेव्हा कुलाबा होता, म्हणजे आजचा रायगड.

टॉमीगन:
‘सगळे शहीद’ चूक आहे. पदकाच्या मानपत्रात सेक्शनचे बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले असं आहे. सेक्शन म्हणजे जेमतेम दहा माणसं, आणि घाडगे तिचे कमांडर. जागा इटलीतल्या तिबेर नदीचं वरचं खोरं.

क्रमही नीट ठेवा, बहुतेक फलकांवर इथेच घोळ होतो. जवळून मशीनगनचा मारा आला, सोबतीला कुणी उरलं नाही. ते टॉमीगन (हातात धरायची छोटी मशीनगन) झाडत एकटेच धावले. आधी ग्रेनेड: त्यात मशीनगन आणि ती चालवणारा संपला. मग मशीनगनच्या चमूतला एक गोळीने. उरले दोन, आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलायला वेळ नव्हता. टॉमीगनचं मॅगझिन 20 किंवा 30 गोळ्यांचं. सलग दाबली तर दोन-तीन सेकंदांत रिकामं. म्हणून नळीकडून धरून दस्त्याने त्या दोघांना मारलं. भरलेली नसली तरी पाचेक किलोचं ते धूड. ‘संगिनीने भोसकलं’ असं कुणी सुचवलं तर घालू नका. छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या त्या लपलेल्या स्नायपरच्या, मशीनगनच्या नव्हेत. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

कोकणगडी:
समाधीही खोडा. देह मिळाला नाही. नाव इटलीतल्या कसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. जुलै 2023 मध्ये इटलीत मोंतोने गावी त्यांच्या नावाने स्मारक झालं, ते सूर्यघड्याळ आहे. पोरं विचारतील, तेवढी एक ओळ ठेवा.

फलकवाला:
‘नाईक’ हुद्दा आहे हे कंसात सांगावं का? घाडगे-नाईक असं जोडआडनाव वाचतील.

टॉमीगन:
सांगा. दोन फितींचा हुद्दा, आजही तोच. ‘नाईक (हुद्दा)’ पुरे.