नेट नसलेल्या सर्व्हरवर नुसत्या मॅन पेजवर काम भागतं का?

रात्रपाळी
आमच्याकडे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो आणि सर्व्हरला बाहेरचं नेट नाही. आधीच्या ॲडमिनने क्रॉनटॅबमध्ये (क्रॉन हा प्रोग्राम ठरल्या वेळी आपोआप कामं चालवतो, त्याची यादी) '० ९ १-७ * १' अशी ओळ टाकून ठेवलीये. म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला रिपोर्ट, असंच ना? पण तो एक ते सात तारखेपर्यंत रोज जातो, वर दर सोमवारी जातो तो वेगळाच. 'मॅन क्रॉनटॅब' टाकून त्याचं मॅन पेज (मशिनवरच असलेलं माहितीचं पान) उघडलं, तर त्यात या पाच खान्यांबद्दल (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) अवाक्षर नाही. सिनियर म्हणतात, मॅन पेज कोण वाचतं, घरी जाऊन गुगल कर.

जुना शेल
सिनियरांना माझा नमस्कार सांगा. तुम्ही विभाग १ मधलं पान उघडलंत, तिथे फक्त कमांड कशी चालवायची ते असतं. फाइलीची रचना विभाग ५ मध्ये. 'मॅन ५ क्रॉनटॅब' टाका. पहिल्या पानाच्या तळाशी 'सी ऑल्सो'त हा पत्ता दिलेला असतो, पण तिथवर उतरतं कोण!

आत स्लॅश दाबून 'आयदर' शोधा. तिथे स्पष्ट लिहिलंय: तारीख आणि वार दोन्ही खाने भरले, तर दोहोंपैकी एक जुळला तरी काम चालतं. उदाहरणसुद्धा आहे, महिन्याची १ आणि १५ तारीख, शिवाय दर शुक्रवार. तुमचा रिपोर्ट नेमका तसाच वागतोय.

वाराच्या जागी * ठेवा, १-७ राहू द्या, आणि आज सोमवार आहे का ते ओळीतच तपासा. 'डेट --हेल्प'मध्ये (डेट कमांडची थोडक्यात मदत) वार आकड्यात देणारा '%यू' (छोट्या लिपीतला यू) सापडेल, सोमवारचा आकडा १. फक्त क्रॉनटॅबमध्ये % च्या आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर क्रॉन तिथे ओळ तोडतो. हेही त्याच पानावर.

आणि गुगलवरचं उत्तर कुठल्या मशिनचं, कोण जाणे. फाइल जागच्या जागी बदलायला लिनक्सवर नुसतं 'सेड -आय' चालतं, मॅकवर त्यापुढे बॅकअपचं एक्स्टेंशन द्यावं लागतं, रिकामं का होईना. मॅन पेज निदान तुमच्यासमोरच्या प्रोग्रामबद्दल तरी बोलतं.

कोकणी कर्नल
इतकंही कौतुक नको. टार (फाइलींचा गठ्ठा बांधणारी कमांड) कधीच न वापरलेल्या माणसाने त्याचं मॅन पेज उघडावं, घाम फुटतो. '-एच'ने (छोट्या लिपीतला एच) मदतच मिळेल याचाही भरवसा नाही: डिस्कची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ'मध्ये त्याने आकडे जीबी-एमबीत येतात, मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप'मध्ये फाइलचं नाव गायब होतं. डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) छोट्या इमेजमध्ये, म्हणजे तयार साच्यात, तर मॅन पेजच नसतात, '--हेल्प'वर भागवा.

रात्रपाळी
ओळ बदलली, धन्यवाद. आता शब्दावरून मॅन पेज शोधायला 'मॅन -के क्रॉन' टाकलं की 'नथिंग अप्रोप्रिएट' येतं, काहीही शोधलं तरी तेच.

जुना शेल
मॅन पेजांची सूची तयार झालेली नसणार. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'मॅनडीबी' चालवा. नेट लागत नाही.