मदत हवी आहे: सातवीला दुसरं महायुद्ध शिकवताना ‘रेशन’ ही एकच थीम पुरेल का?

सनावळी
नमस्कार मंडळी. सातवीच्या ३६ मुलांना दुसरं महायुद्ध शिकवायचं आहे. लढायांच्या यादीऐवजी ब्रिटनमधलं रेशनिंग घेऊन इतिहास, गणित, भूगोल, विज्ञान एकत्र बांधायचा विचार आहे. सगळे मिळून आठ तास मिळतील. गणित तोंडी लावण्यापुरतं उरू नये, आणि युद्ध म्हणजे काटकसरीचा खेळ असंही मुलांना वाटू नये. कसं करावं?

कोनमापक
पुरेल. चार-चार मुलांची नऊ कुटुंबं करा आणि सगळ्यांना एकच तक्ता द्या. ८ जानेवारी १९४० ला रेशन सुरू झालं तेव्हा माणशी आठवड्याला लोणी ४ औंस आणि साखर १२ औंस होती. पुढे आकडे बदलत गेले. मुलं वेगवेगळ्या वर्षांचे आकडे उचलतात आणि कुणाचीच बेरीज जुळत नाही. युद्धाच्या मधल्या काळातला सर्वसाधारण तक्ता घ्या: बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) ४ औंस, लोणी २, मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचा पदार्थ) ४, चरबी ४, चीज २, साखर ८, चहा २, दूध ३ पाइंट (सुमारे १.७ लिटर), अंडं १. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम.

लोण्याचा वाटा मातीचा करून दाखवायचा असेल तर माती तोलू नका. माती लोण्यापेक्षा जड, त्यामुळे ५७ ग्रॅमचा गोळा खऱ्या वाट्यापेक्षा बराच लहान दिसतो. ४ सेंमी बाजूचा घन करा, तो जवळपास बरोबर येतो. घनता शिकवायलाही हीच जागा.

खरं गणित मांसात आहे. मांस वजनावर नव्हे, किमतीवर मिळायचं: बराच काळ माणशी १ शिलिंग २ पेन्स, म्हणजे १४ पेन्स. एका मांसाचा भाव एक पौंड वजनाला ७ पेन्स आणि दुसऱ्याचा १४ धरा (हे आकडे सरावापुरते आहेत, तसं फळ्यावर लिहा). स्वस्त घेणाऱ्याला दुप्पट मांस! वाटप असं का ठेवलं असेल, यावर मुलांना भांडू द्या. शिलिंगचे १२ पेन्स आणि (चलनातल्या) पौंडाचे २० शिलिंग हे आधी पक्कं करून घ्या, नाहीतर पहिला तास हिशेबातच जातो.

अक्षांश
भूगोलासाठी भिंतीवर जगाचा नकाशा आणि दोरे. गहू कॅनडाहून, मांस अर्जेंटिनाहून, बेकन आणि लोणी डेन्मार्कहून, चहा भारत आणि सिलोनहून. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने डेन्मार्क घेतला, तो दोरा मुलांनीच कापावा. मग अटलांटिकमध्ये मालाची जहाजं बुडवणाऱ्या जर्मन पाणबुड्या. ‘बेकनवर रेशन का?’ याचं उत्तर पुस्तकाआधी नकाशाच देतो.

सनावळी
छान. पण या तक्त्याच्या कॅलरी काढल्या तर दिवसाला हजाराच्या आतच येतात. मुलं म्हणतील, सगळा देश उपाशी होता.

जीवनसत्त्व
हा सापळा मुद्दाम लावा. पाव आणि बटाटे युद्धकाळात रेशनवर नव्हतेच, भाज्याही नाहीत. पावावर रेशन आलं ते १९४६ मध्ये. मुलांना आधी चुकीची बेरीज करू द्या, मग विचारा, ‘तक्त्यात काय नाही?’ याच जोडीला १९४२ चा नॅशनल लोफ (सरकारने ठरवून दिलेला पाव) घ्या. गव्हाचा ८५ टक्के भाग पिठात ठेवायचे, त्यामुळे त्याच गव्हातून जास्त पाव आणि जास्त तंतू.

दप्तरखाना
‘सगळ्यांना समान वाटा’ हे तसंच स्वीकारू नका. उपाहारगृहात जेवायला कूपन लागत नसे. १९४२ मध्ये एका जेवणावर ५ शिलिंगांची मर्यादा आली, तरी तेवढे पैसे कुणाच्या खिशात होते? आणि चहाचा दोरा भारतापर्यंत जातोच, तर १९४३ चा बंगालचा दुष्काळ टाळू नका. लंडनमध्ये मोजून का होईना साखर मिळत होती, आणि त्याच साम्राज्यात लाखो माणसं अन्नावाचून आणि त्यातून आलेल्या रोगांनी मेली. काटकसरीच्या खेळाची तुमची भीती इथेच जाईल. मात्र या दुष्काळाचा अभिनय किंवा उपासाचा प्रयोग मुलांकडून अजिबात करून घेऊ नका. कागदपत्रं आणि प्रश्न एवढंच ठेवा, आणि यासाठी पूर्ण दोन तास राखा.

मूल्यमापनाला पोस्टर नको, त्यात चित्रकलाच तपासली जाते. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याचा हिशेब लिहावा आणि त्यातल्या एका पदार्थावर रेशन का आलं, हे नकाशा आणि एक तारीख देऊन एका पानात मांडावं.