सांगली: घर विकतोय, घेणारे इंजिनिअर घेऊन येणारेत, काय काय बघतील?

गावभागातलं आमचं ३० वर्षांचं घर विकायला काढलंय, पार्टी रविवारी इंजिनिअर आणणार म्हणते. २०१९ च्या पुरात तळमजला पाण्यात होता, नंतर गिलावा नवीन केला पण खाली अजून पोपडे येतात. आई म्हणते रंग मारून घे, मला ते पटत नाही. कुणाला अनुभव आहे का?

— रंग अजिबात मारू नका दादा. आमच्या वेळी इंजिनिअरने भिंतीला ओल मोजायचं मशीन लावलं, स्लॅब खालून हातोडीने ठोकून बघितला, जिथं पोकळ आवाज आला तिथं सळई गंजलेली निघाली, मग गच्ची, बाथरूमची गळती, अर्थिंग, सगळं बघायला दोन तास गेले. ताजा रंग दिसला की त्यांना आधी तिथंच शंका येते.

— पुराचं स्वतःहून सांगा, पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दाखवा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे, आपल्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि पूररेषेचं विचारतीलच, निळी रेषा (म्हणजे पूरपट्ट्यातली बांधकामाला मनाई असलेल्या भागाची हद्द) कुठनं जाते ते आधीच महापालिकेत बघून ठेवा. घेणारा लोन काढणार असेल तर बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, वेगळा येतो, तो मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळवतो, मागं वाढवलेली खोली असली की तिथंच गाडी अडते.

— रिपोर्ट आला की भाव पाडून मागतील, घाबरू नका. आपल्या गवंड्याकडनं दुरुस्तीचा खर्च आधी काढून घ्या, तेवढ्यावरच बोला.