खांद्याचं रिप्लेसमेंट: अ‍ॅनाटॉमिक की रिव्हर्स?

पार्लेकर:
रुग्ण 71 वर्षांच्या, उजवा खांदा. हात कपाळापर्यंतही जात नाही. एक्स-रेत सांधा झिजलेला आणि दंडाच्या हाडाचा चेंडू वर सरकलेला. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस (खांद्याच्या वरचा, हात उचलायला मदत करणारा स्नायू) पूर्ण तुटून आत ओढला गेलाय, गुतालिए ग्रेड 3 (स्नायूत किती चरबी भरली त्याचं मोजमाप). वांद्र्याचे सर्जन रिव्हर्स सुचवतात, मुलुंडचे म्हणतात अ‍ॅनाटॉमिक करू आणि त्यातच रोटेटर कफ (सुप्रास्पायनेटस धरून खांद्याभोवतीचे चार स्नायू) शिवू. कोणाचं ऐकावं?

अस्थिबोली:
वांद्र्याचं. सांधा झिजलेला असला की दोन्हीपैकी कुठलंही ऑपरेशन होऊ शकतं, निवड कफवर ठरते. अ‍ॅनाटॉमिकमध्ये धातूचा चेंडू आणि पॉलिथिलीनची वाटी आपापल्या मूळ जागी बसतात, पण चेंडू वाटीच्या मधोमध धरून ठेवायचं काम कफचंच राहतं. तो नसला की डेल्टॉइड (खांद्यावरचा बाहेरचा मोठा स्नायू) चेंडूला वर खेचतो, भार वाटीच्या वरच्या कडेवर येतो आणि वाटी डुलत डुलत सुटते. सर्जन याला 'रॉकिंग हॉर्स' म्हणतात. ग्रेड 3 म्हणजे स्नायूत मांसाइतकीच चरबी. टाके घातले तरी तो स्नायू पुन्हा जोर धरत नाही.

रिव्हर्समध्ये चेंडू खांद्याच्या फऱ्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर. फिरण्याचं केंद्र आत आणि खाली सरकतं, डेल्टॉइडला लांब तरफ मिळते आणि तो एकटा हात उचलू शकतो. फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी 1985 मध्ये आणलेली ही कल्पना मुळात अशाच खांद्यांसाठी. अर्धं रिप्लेसमेंट (फक्त चेंडू बदलणं) कोणी सुचवलं तर या वयात आणि या कफवर त्यात पडू नका.

काखेची_नस:
सहमत, पण एक अट: डेल्टॉइड शाबूत हवा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असेल किंवा स्नायू ओसरलेला दिसत असेल तर आधी ईएमजी-एनसीव्ही (नस आणि स्नायूंची विद्युत तपासणी). दुसरी तपासणी दोन मिनिटांची: कोपर अंगाला लावून हात बाहेर फिरवून द्या आणि सोडा. तो आपोआप आत आला तर मागचा कफही गेलेला असू शकतो. मग नुसत्या रिव्हर्सने हात वर जातो, पण बाहेर फिरत नाही, म्हणजे केस विंचरणं अवघडच राहतं. अशा वेळी सोबत टेंडन ट्रान्सफर (दुसऱ्या स्नायूचा कंडरा इथे आणून जोडणं) हवं का, ते सर्जनना विचारा.

सीटी स्कॅन झालाच पाहिजे. वाटीचं हाड कुठे, किती झिजलंय यावर बेसप्लेटचा (चेंडू ज्यावर बसतो त्या, फऱ्याला स्क्रूने लावलेल्या धातूच्या चकतीचा) कोन ठरतो. खांद्यात नुकतंच स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर 3 महिने थांबा, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दादर_फिजिओ:
सगळे हात वर किती जाईल तेच विचारतात. रिव्हर्सनंतर अडतं ते पाठीमागे. परकराची नाडी, मागची हुक, शौचानंतर धुणं. इथे उजवा खांदा आहे म्हणून धुण्याचं बहुधा निभावेल. डावा असता तर जेट स्प्रेची सवय ऑपरेशनआधीच लावायला सांगितली असती. ब्लाउज पुढून हुकांचे शिवून घ्या.

पहिले 12 आठवडे हात पाठीमागे नेणं आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठणं बंद. सांधा निखळतो तो नेमका या हालचालींत. उताणं झोपताना कोपराखाली उशी ठेवा, मान न उचलता स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. लोकलमध्ये वरची कडी त्या हाताने धरायची नाही, झटका बसला की सगळा भार तिथेच येतो. काही महिन्यांनी खांद्याच्या टोकावर अचानक ठणका सुरू झाला तर 'व्यायामाने दुखतंय' म्हणून सोडू नका; अ‍ॅक्रोमिअनला बारीक तडा गेलेला असू शकतो. हाडं ठिसूळ असतील तर जास्तच, म्हणून डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) आधी करून घ्या.

पार्लेकर:
खर्चाचं काय? दोन्ही कोटेशनांत 'इम्प्लांट' एवढंच लिहिलंय.

अस्थिबोली:
तसं घेऊ नका. गुडघ्याच्या इम्प्लांटला 2017 पासून कमाल किंमत आहे, तो आदेश खांद्याला लागू नाही. बेसप्लेट, ग्लेनोस्फिअर (चेंडू), लायनर (वाटीचं प्लास्टिकचं अस्तर), स्टेम (दंडाच्या हाडात बसणारा दांडा) आणि स्क्रू वेगवेगळे लिहून मागा, कंपनीच्या नावासकट. कॅशलेस असेल तर विम्याची इम्प्लांटवर मर्यादा आहे का, ते टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) ईमेलवर घ्या. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटची स्टिकर्स फाइलमध्ये चिकटवलेली आहेत ना, हेही बघा. पुढे कधी लायनर बदलायची वेळ आली तर त्याच मापाचा सुटा भाग त्यावरूनच मागवता येतो.