मेंदूच्या नकाशात गाठीजवळचे धागे हिरवे आहेत, म्हणजे धोका नाही ना?

धाकटी:
दादाच्या मेंदूत डावीकडे, कपाळामागे गाठ आहे. लो-ग्रेड ग्लायोमा, म्हणजे हळू वाढणारी गाठ. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. काल सर्जननी स्क्रीनवर नकाशा दाखवला, त्यात लाल, निळे, हिरवे धागे. गाठीला चिकटलेले सगळे हिरवे, म्हणून मी मनात म्हटलं, चला, सुटलो. घरी आल्यावर शंका यायला लागली. आणि एवढा नकाशा हाताशी असताना त्याला ऑपरेशनमध्ये जागं का ठेवणार आहेत? दादा रोज शब्दकोडं सोडवतो हो. शब्दच गेले तर?

एमआरआयवाला:
ताई, तो सिग्नलचा हिरवा नाही. रंग फक्त दिशा सांगतात: लाल डावी-उजवी, हिरवा पुढे-मागे, निळा वर-खाली. आणि ते धागे म्हणजे फोटो नव्हे. पाण्याचे रेणू मज्जातंतूंच्या लांबीने सहज सरकतात, आडवे अडतात. त्यावरून सॉफ्टवेअर रेघा ओढतं. दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे ते गडबडतं. गाठीभोवती सूज असली की रेघ मध्येच तुटते, पण तंतू तिथे असू शकतो.

चित्रवाली:
मी स्पीच थेरपिस्ट. अशा ऑपरेशनमध्ये पेशंटच्या तोंडासमोर टॅबलेट धरून बसणारी बाई ती मीच.

नकाशा आदल्या दिवसांतला असतो. कवटी उघडली, भोवतीचं पाणी वाहून गेलं की मेंदू बसतो, थोडा सरकतो. मग स्क्रीनवरची जागा आणि खरी जागा जुळत नाही. म्हणून सर्जन त्या जागेला काही मिलिअँपिअरचा करंट लावतात, तेवढा भाग क्षणभर गप्प होतो, आणि मी चित्र दाखवते. दुखत नाही. दुखते ती कातडी आणि मेंदूवरचं आवरण, तिथे भूल दिलेली असते. पेनफिल्ड नावाचे मेंदूचे सर्जन मॉन्ट्रियलमध्ये १९३०च्या दशकात हेच करत होते, फक्त धाग्यांचा नकाशा नव्हता.

एका पेशंटला छत्री दाखवली. "ही... ही..." करून थांबला. 'ही' बरोबर, छत्रीच हरवली! करंट काढल्यावर म्हणाला, "छत्री! अहो, ओठांवर होती." सर्जननी तिथे आकड्याची चिठ्ठी ठेवली. नंतर आत खोलवर गेल्यावर वाघाला तो "सिंह" म्हणाला, अगदी ठामपणे, चूक त्याच्या लक्षातही आली नाही. माझ्या मते हे जास्त गंभीर. मी लगेच "थांबा" म्हटलं.

शाळेत आपण एक 'वाचाकेंद्र' शिकलो, फ्रेंच डॉक्टर ब्रोकांनी १८६१मध्ये दाखवलेलं. ते अपुरं आहे. बोलणं हे जाळं आहे. फ्रान्समधल्या माँपेलियेचे सर्जन द्युफो अशी ऑपरेशनं वर्षानुवर्षं करत आलेत. त्यांचं म्हणणं, गाठ हळू वाढते तेव्हा वरच्या सालीचं काम बऱ्याचदा शेजारचा भाग उचलतो, पण आतली जोडणारी वाट तुटली तर ती भरून निघणं अवघड. म्हणून त्या हिरव्या धाग्यांपाशी सर्जन हात आखडता घेतील. गाठीचा थोडा भाग मागे ठेवला तर खट्टू होऊ नका.

आणि हो, दादा किती भाषा बोलतो ते आधीच सांगा. दोन भाषांच्या जागा तंतोतंत एक असतील असं नाही. गाठ कपाळामागे वरच्या बाजूला, मधल्या रेषेजवळ असेल तर नंतर काही दिवस बोलणं बंद पडू शकतं, ते बहुतेकदा परततं. सर्जनना आत्ताच विचारा, म्हणजे तेव्हा घाबरायला नको.

धाकटी:
दादाला वाचून दाखवलं. पहिलाच प्रश्न: चित्रांऐवजी कोड्यातली शोधसूत्रं विचारतील का?

चित्रवाली:
करंट जेमतेम चार सेकंद लावतात. त्यात उत्तर आलं नाही तर करंटमुळे की कोडं अवघड म्हणून, हे मला कसं कळणार? आदल्या दिवशी चित्रं दाखवतो, त्याला अडखळायला होईल ती वगळतो. कोडं दुसऱ्या दिवशी वॉर्डात.